नवाचं निम्मं

ताईचं लग्न ठरायच्या आधी दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा आईने विचारलं, चहात साखर किती? दाजी म्हणाले, "तुम्ही एरवी पाहुण्यांना घालता त्याच्या निम्मी." माणूस चिक्कू आहे असं माझं तिथल्या तिथे मत झालं. नंतर कळलं की त्यांचा विचार निराळाच होता. पाहुणा आला की प्रत्येक घरात साखर दुपटीने पडते, म्हणून निम्मी सांगितली की बरोबर बसते. लग्नाचं बोलणं चाललेलं असताना हा माणूस आईच्या चमच्याचा अंदाज घेत होता.

दाजी औषधांच्या एका घाऊक गोदामात माल पाठवण्याच्या खात्यावर मुख्य होते. म्हणजे दुकानांच्या मागण्या बघायच्या आणि कुणाला किती माल जाईल ते ठरवायचं. पुढे त्यांनीच मला तिथे गाडीवर लावलं. तीनशेच्या वर दुकानं, आणि प्रत्येक दुकानदार मागणी फुगवून लिहिणार. चाळीस लागत असतील तर साठ, साठ लागत असतील तर शंभर. मागावं तेवढं मिळत नाही हे सगळ्यांना माहीत, आणि सगळे फुगवतात हे दाजींना माहीत. त्यासाठी त्यांच्याकडे एक डायरी होती. हिरव्या पुठ्ठ्याची, खिशात मावणारी, एका दुकानाला एक पान. कुणाच्या मागणीत किती पाणी, ते त्यात लिहिलेलं. "तिनात एक पाणी." "निम्मं पाणी." एका पानावर तर "पाण्यात दूध" असंही होतं. गोदामातले लोक तिला दुधाची डायरी म्हणायचे आणि दाजींना, अर्थात मागे, निम्मेसाहेब.

त्या डायरीत एका पानावर फक्त एक शब्द होता. "खरी."

ते पान माझ्या फेरीतल्या शेवटच्या दुकानाचं. शाळेच्या भिंतीला लागून एक चिंचोळं दुकान, काउंटरची काच तडकलेली आणि तिच्यावर चिकटपट्टी. दुकान एक बाई चालवायच्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या अंदाजाने मागणी लिहीतच नसत. माणसं मोजत. आपल्याकडून कोण कुठलं औषध नेतं, कुणाचं कधी संपेल, हे त्यांच्या वहीत असायचं, आणि सात माणसं असली की चिठ्ठीवर सात यायचे. दाजींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त अक्षर पाहिलं होतं. बाईंची चिठ्ठी आली की ते जसाच्या तसा माल भरायचे आणि मला म्हणायचे, "एवढं एक दुकान आहे म्हणून अजून डोकं ठिकाणावर आहे."

मग एका वर्षी गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर पेटला.

तो अकरा दिवस जळत होता. धूर असा की दुपारी गाडीचे दिवे लावावे लागत. घराघरांत दारांच्या फटीत ओली फडकी कोंबलेली, आणि ज्याला त्याला खोकला. ज्यांना दम्याचा त्रास होता त्यांचे हाल तर विचारू नका. दम्याचे पंप, तोंडात धरून दाबायचे ते, आमच्या गोदामातून एरवी आठवड्याला दोनशे जायचे. दुसऱ्या दिवशी मागणी आली एकोणीसशेची.

दाजींनी तो आकडा वाचला आणि मला समोर बसवून म्हणाले, "हे बघ. यातले सहाशे खरे आहेत. बाकीची मागणी नाही, भीती आहे. मी कापणार हे त्यांना ठाऊक आहे म्हणून ते दुप्पट मागतात. दुप्पट आलं म्हणून मी जास्त कापतो. मी जास्त कापलं म्हणून उद्या ते चौपट मागतील. वर कारखान्याला वाटेल, लोकांना खरंच चौपट पाहिजे."

"मग आपण किती मागवायचे?"

"आपणही फुगवूनच मागवायचे. कारखानाही आपल्याला कापणार ना."

पहिले दोन दिवस दाजींनी डायरी समोर ठेवून माल वाटला. कुणाला तिसरा हिस्सा, कुणाला निम्मा, बाईंना पूर्ण. तिसऱ्या दिवशी सकाळी चार मोठे दुकानदार गोदामात आले आणि दाजींच्या टेबलाभोवती उभे राहिले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे दाजी त्यांना हात जोडून सांगत होते. त्यातल्या एकाची तीन दुकानं होती. त्याने बोलता बोलता टेबलावरची डायरी उचलली आणि स्वतःचं पान काढलं. मग ते मोठ्याने वाचलं. मग पुढचं वाचलं. मग "खरी" हे पान सापडलं.

"ही कोण लागून गेली?" तो म्हणाला. "आम्ही सगळे खोटारडे, आणि शाळेजवळची ती बाई तेवढी हरिश्चंद्र? काय नातं आहे साहेब तुमचं?"

बाकीचे हसले. आमची माणसंही हसली, आणि मी खोटं कशाला बोलू, थोडा मीही हसलो. दाजींचे कान लाल झाले. मी त्यांना आवाज चढवताना तोवर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते उठले, त्याच्या हातातून डायरी घेतली, खणात टाकली, खणाला कुलूप लावलं.

"आजपासून डायरी नाही. सगळ्यांना निम्मं. जो जेवढं मागेल त्याच्या निम्मं. यात बोट दाखवायला जागा दिसली तर दाखवा."

कुणालाच दिसली नाही. मोठे साहेब वरून खाली आले आणि म्हणाले, हे आधीच करायला हवं होतं. संध्याकाळी ताईला सांगताना दाजी जवळजवळ खुशीत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी न्यायी म्हटलं होतं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. बाईंनी त्या दिवशी नऊ लिहिले होते. चार गेले.

ते चार मीच नेले. बाईंनी खोकं उघडलं, मोजले, खोक्याच्या तळाला हात फिरवून पाहिला. "नऊ लिहिले होते."

"सगळ्यांना निम्मं आहे बाई."

"नवाचं निम्मं साडेचार."

"मग अर्धा पंप कुठून आणू?" मी म्हणालो. हे बोलणारा मी, ते आजही माझ्या कानात आहे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. नऊ माणसं ओळीने लिहिलेली होती. शाळेतली दोन मुलं, एक दिवस गेलेली बाई, बँकेचा रखवालदार, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, आणि आणखी चार.

"यातल्या पाच जणांना काय सांगू?"

"उद्या येतील म्हणून सांगा," मी म्हणालो. मला पुढे जायची घाईसुद्धा नव्हती, ते फेरीतलं शेवटचंच दुकान होतं. तोंडाला आलं ते बोललो.

बाईंनी चार पंप दोन मुलांना, त्या पोटुशीला आणि रखवालदाराला दिले. मास्तर त्यातल्या त्यात बरे दिसत होते. काउंटरला टेकून थट्टा करत होते की इतका राखाडी रंग त्यांना शाळेत कधी पुरला नव्हता. बाईंनी त्यांना सांगितलं, उद्या या. ते म्हणाले, घाई नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा ट्रक आलाच नाही. आगीच्या बंबांसाठी मोठा रस्ता बंद केला होता आणि ट्रक वेशीबाहेर उभा राहिला. मास्तर सकाळी अकराला दुकानात आले. बाईंनी परत उद्याचं सांगितलं, आणि दवाखान्यात जा म्हणाल्या. दवाखान्याची रांग फाटकाबाहेर गेली होती, मास्तर ती बघून घरी परतले. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. शेजाऱ्यांना ते दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. पिशवी मांडीवर होती, आणि रिकामा पंप मुठीत.

त्याच्या पुढच्या दिवशी मी उरलेले पाच घेऊन गेलो. मनात म्हणत होतो, चला, बाईंचं भागलं. त्यांनी पाच मोजले, एक माझ्याकडे सरकवला, आणि परतीच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. माल परत करायचा तर चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं. मुदत संपली, बाटली फुटली, चुकीचा माल आला, असं काहीतरी. बाईंनी लिहिलं, "घेणारे गेले." मला वाटलं मास्तर गाव सोडून गेले. मी तसं विचारलंदेखील.

ती चिठ्ठी मी दाजींच्या टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचली. खणाचं कुलूप काढलं, डायरी उघडली, "खरी" हे पान काढलं, आणि चिठ्ठी त्यात ठेवली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आग विझली. आणि मग माल आला. कारखान्याने आमचे फुगवलेले आकडे खरे धरून रात्रंदिवस पंप बनवले होते. ट्रकमागून ट्रक. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दुकानदारांनी तोवर आपापल्या मागण्या रद्द केल्या होत्या. त्या तीन दुकानांच्या मालकाने तर फोनवर सांगितलं की मी एवढे कधी मागितलेच नव्हते. सहा हजार पंप गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून छतापर्यंत रचले गेले. दाजींच्या खुर्चीतून ती भिंत समोर दिसायची. मी म्हटलं, टेबल फिरवून घेऊया. ते म्हणाले, नको.

ते दुपारी तिकडेच जाऊन बसायला लागले. एकदा मी त्यांना जेवायला बोलवायला गेलो, तर खोक्यांच्या रांगेमागून फुस्स असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा फुस्स. दाजी एका खोक्यावर बसून पंप हवेत धरून दाबत होते. पंपाच्या पाठीला बारीक आकडा असतो, किती दाब उरलेत ते सांगणारा. ते तो वाचत होते.

"एकात दोनशे असतात," ते म्हणाले. "मास्तरांना ट्रक येईपर्यंत फार तर दहा लागले असते. बारा धर."

"दाजी, चला जेवायला."

"तू हो पुढे. अजून एकशे साठ आहेत."

मी तिथून निघून आलो. मला भीती वाटली, हे सरळच सांगतो. घरी ताई सांगायची की ते आता चहात साखर किती विचारलं तर उत्तरच देत नाहीत, येईल तसा पितात. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात. बाजूला सरकतात, कुणी बसलेलं असावं तसे, आणि मग पुढे चढतात. ताई मला दरडावायची, "तूच काहीतरी बोल त्यांच्याशी." मी काय बोलणार? अर्ध्या पंपाचा विनोद मीच केला होता.

दाजींच्या जिवाला खरं लागलं ते मात्र पुढेच. बाईंच्या चिठ्ठ्या बदलल्या. अक्षर तेच, आकडे दुप्पट. सात लागत तिथे चौदा, नऊ लागत तिथे अठरा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशा त्या आता खोकल्याच्या गोळ्यासुद्धा दुप्पट मागवायच्या. महिनाअखेरीला निम्मा माल परत यायचा, कारणाच्या जागी "जास्त झालं." नियमाने एवढी परती घेता येत नाही. दाजी निमूट सही करायचे. डायरीतलं पान मात्र त्यांनी बदललं नाही. मी एकदा म्हणालो, आता तिथेही "निम्मं पाणी" लिहायला हवं. ते म्हणाले, "ते पाणी माझं आहे. ते दुकान बिघडवलं मी. त्या बाईने परत खरा आकडा लिहिला ना, तर मला... जाऊ दे." तेवढ्यावर ते थांबले, पण मला कळलं. त्यांना तीनशे दुकानांतून तेवढी एक चिठ्ठी पूर्वीसारखी हवी होती.

दोन वर्षांनी भिंतीच्या सहा हजार पंपांची मुदत संपली. लॉरी आली आणि नष्ट करायला घेऊन गेली. भिंत मोकळी झाली. त्यानंतर चार महिन्यांनी कचऱ्याचा डोंगर पुन्हा पेटला.

आता गोदामात सगळे मिळून दोनशे दहा पंप होते आणि मागणी अडीच हजारांची. दाजींनी डायरी काढून उघड टेबलावर ठेवली. मोठे साहेब म्हणाले, गेल्या वेळेसारखं सगळ्यांना सारखं करून टाका, कटकट नको. दाजी म्हणाले, "साहेब, सारखं केलं की खरं बोलणारा मरतो. मला नोकरीवरून काढा, पण तसं करणार नाही." साहेब वर निघून गेले. मग बाईंची चिठ्ठी आली. अठरा.

दाजी तिच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. अठरा दिले तर नऊ पंप उगाच तिकडे पडून राहणार आणि दुसरीकडे नऊ जण तळमळणार. नऊ दिले तर बाईंच्या लेखी पुन्हा निम्मंच कापलं. आणि या दोन वर्षांत बाईंची खरी माणसं किती झाली, हे आता कुणाला माहीत? शेवटी त्यांनी नऊ पंप मोजून खोक्यात भरले, डायरी खिशात घातली आणि माझ्या गाडीत येऊन बसले. दाजी माझ्या गाडीत बसण्याची ती पहिली वेळ.

बाई काउंटरमागे स्टुलावर होत्या. दाजी म्हणाले, "मी गोदामातून आलोय. माल पाठवायचं मी बघतो."

"निम्मेसाहेब ना?"

हे नाव दाजींना कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मी औषधांच्या कपाटाकडे बघायला लागलो, कारण बाईंना ते मीच सांगितलं होतं.

"हो," दाजी म्हणाले. "तुमची अठराची चिठ्ठी आली. मला खरा आकडा पाहिजे होता."

"खरा एकदा लिहिला होता."

बाईंनाच मग त्यांची कीव आली असावी. "तुम्हाला तरी काय दोष देऊ? तीनशे दुकानं. कोण खरं लिहितं, कोण खोटं, तुम्हाला कसं कळणार? बावळट मीच. सगळं जग फुगवून लिहीत होतं आणि मी बसले डोकी मोजत. अठरा लिहिले असते तर नऊ आले असते. मास्तर माझ्या शहाणपणापायी गेले."

मला वाटलं, आता दाजींनी फक्त मान हलवावी. बाई खरा आकडा सांगतील, आपण माल देऊ आणि जाऊ. पण दाजींनी खिशातून डायरी काढली, ते पान उघडलं आणि काउंटरवर, चिकटपट्टीच्या अलीकडे, ठेवलं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. एकच शब्द, खाली आठ वर्षांपूर्वीची तारीख, आणि शेजारी त्यांचीच परतीची चिठ्ठी.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"तरी चार पाठवलेत."

"लोक मला हसले. त्या रागात मी डायरी कुलपात टाकली. ती उघडून हे एक पान बघायला मला एक मिनिट लागलं असतं. तुमची चूक नव्हती बाई. तुमचा आकडा बरोबर होता."

तेवढ्यात एक माणूस जखमेची पट्टी मागायला आला. बाईंनी त्याला पट्टी दिली, पाण्याने जखम धुवून मग लावा म्हणून सांगितलं, तो जाईपर्यंत थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. मग आमच्या चिठ्ठीवरचे अठरा खोडले, आणि वही न बघता लिहिलं, आठ.

"तेच आठ आहेत," त्या म्हणाल्या.

दाजींनी खोकं पुढे केलं. बाईंनी आठ पंप मोजून आपल्याकडे घेतले, नववा परत सरकवला आणि परतीच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. कारणाच्या जागी तेच दोन शब्द लिहिले. "सही करा."

दाजींनी सही केली.

"यापुढे खरं लिहीन," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माफ केलं म्हणून नाही. इथल्या लोकांना पंप लागतात म्हणून."

त्याला आता चार वर्षं झाली. बाई शब्दाला जागल्या. दर मंगळवारी त्यांची चिठ्ठी येते, आणि आकडा खरा असतो. आठ असोत, सात असोत, दाजी खोक्यात एक जास्त भरतात. मी तो नेतो. बाई तो बाजूला काढतात, चिठ्ठी लिहितात, मी तो परत आणतो. पहिल्यांदा मला वाटलं चुकून गेला. आता मी विचारत नाही. मुदत संपत आली की दाजी त्याच्या जागी नवा घेतात.

ताईच्या सांगण्यावरून मी एकदा म्हणालो, "दाजी, बाईंना सांगू का, की आता चिठ्ठी लिहायची गरज नाही म्हणून? नुसता पंप परत द्या म्हणतो."

"नको," ते म्हणाले. "तेवढं मला दर आठवड्याला कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे."

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, सही केली, आणि पुढच्या मंगळवारचं खोकं ओढून घेतलं.